केरवेलांच्या मेळाव्यात

नोल्वेनताई,

मी ठीक आहे. सफरचंदं तोडायचं काम मिळालंय, बूट तेवढे फाटलेत. बाळाला दात आले का?

रविवारी काँपेरला सगळ्या केरवेला आडनावाच्या लोकांचा मेळावा होता. जेवण फुकट, म्हणून मी गेलो. भिंतीवर आडनाव गाजवलेल्यांचे फोटो होते. एक बिशप, एक ध्रुवाकडे गेलेला खलाशी, एक सायकलपटू. मी त्या सायकलपटूच्या मिशाच बघत बसलो.

वंशवृक्षाचा कागद सांभाळणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, "तू कुणाचा रे?"

"आर्मेल केरवेलांचा. बारा वर्षांपूर्वी बोट बुडाली, त्यात गेले ते."

"कसला बुडतोय! गेल्या वर्षी दोन लहान पोरींना घेऊन आला होता की. तीनदा वाढून घेतलं मेल्यानं."

त्यांनी फोटो दाखवला. बाबाच आहेत, ताई. तीच तुटकी भुवई.

बाबांचा लोरियाँ गावातला पत्ता मिळालाय, पण तिकडे जायला माझा पाय उचलत नाही. जाऊन काय विचारू?

आईला कळू देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात ती दरवर्षीसारखी समुद्रात गेलेल्यांची नावं कोरलेल्या भिंतीपाशी, बाबांच्या नावाखाली शेवंतीची कुंडी ठेवायला जाईल. या वेळी तू सोबत जा. आणि कुंडी तूच उचल, तिचे गुडघे दुखतात.

तुझाच,
ग्वेनोले