आधी गावाला

गुढियारी, रायपूर
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय भार्गव,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं. आत्ता समोर असतास तर तुझ्या पांढऱ्या होत आलेल्या केसांचा विचार न करता कान पिळला असता. फोन मुद्दामच करत नाहीये. फोनवर तू "ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मग मीच मुकाट ऐकत बसते. ताई! या घरात सगळं लहानपण मला दीदी म्हणण्यात गेलं तुझं, आणि पुण्यात नोकरी लागल्यावर मी ताई झाले. काल आईनं अंगणात उसाचा मांडव घातला, तुळशीला हळद लावली आणि मध्येच हात थांबवून म्हणाली, "भार्गव फोन काहून नाही उचलून राहिला वं? तुमचं भांडण झालं का?" मी म्हटलं, कामात असेल. तुझ्यासाठी सणाच्या दिवशी आईशी खोटं बोलले, त्याचाही राग आहेच.

गेल्या हिवाळ्यात तुझं विद्यापीठ आमच्या विद्यापीठात आलं होतं, आठवतंय ना? दारावर फलक होता, दोन विद्यापीठं एकमेकांकडून शिकणार म्हणून. उद्योगांकडून संशोधनाला पैसा घ्यायचा तर करार कसा करावा, देखरेख कुणी ठेवावी, प्राध्यापकाचं तोंड कुणाच्या हातात जाऊ नये यासाठी काय करावं, हे सगळं तू इतकं छान बोललास की मी मागच्या रांगेत बसून फुलून गेले होते. आपली आडनावं वेगळी, त्यामुळे कुणाला नातं कळलं नाही. तूच म्हणाला होतास, कामाच्या ठिकाणी नातं नको. मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं.

आमच्याकडच्या लोकांची खोड तुला माहीत आहे. पुण्याहून आलेल्या कागदावर इथं कुणी शंका घेत नाही. आपल्या मराठी घरांत तर ते जन्मापासूनच आहे; पुण्याचा नातेवाईक आला की आई अजून स्वतःचं बोलणं सुधारायला लागते. पण हिंदी बोलणारे आमचे कुलसचिवही तसेच निघाले. "पुना वालों ने बनाया है, पढ़ना क्या है" म्हणाले आणि इथेनॉल कारखान्याबरोबरचा करार तुझ्या मसुद्याप्रमाणे झाला. आमची एक रीत होती, ती तू त्यातून वगळलीस. ज्या गावचं पाणी तपासायचं, त्या गावाला निकाल आधी सांगायचा. गुडीत, म्हणजे गावाच्या बसायच्या जागी, सगळ्यांसमोर, छत्तीसगढीत, मोठ्यानं. अहवाल आणि शोधनिबंध नंतर. तू ती रीत माझ्याकडून खोदून खोदून विचारून घेतलीस, वा वा म्हणालास आणि मसुद्यात लिहिलंस की कंपनीची लेखी संमती येईपर्यंत निष्कर्ष कुणालाही सांगू नयेत. मी विचारलं तर म्हणालास, तुमची सुरुवात आहे, उद्योगाला जरा विश्वास वाटू दे, पुढे घट्ट करता येईल. भाऊ सांगतोय म्हटल्यावर मी गप्प बसले.

मग आम्ही अभनपूरच्या पुढे सेमरभाठ्यात कामाला लागलो. कारखाना आपलं सांडपाणी स्वच्छ करून धानाच्या शेतांना देतो, ते शेताला चांगलं आहे हे त्यांना आमच्याकडून लिहून हवं होतं. उन्हाळी धान खरंच जोमात होतं. पण शेतांच्या उताराला असलेल्या हापशांच्या पाण्यात नायट्रेट निघालं, पिण्यालायक नाही इतकं. मोठ्यांचं एक वेळ निभतं, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. बाळ निळं पडतं. हे तू मला शिकवू नकोस आणि मी तुला शिकवत नाही, दोघांनाही येतं.

त्या हापशांपैकी एक सरलाच्या दारात आहे. तिला दूध येत नाही, म्हणून पोरीला डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजते. आम्ही नमुने घ्यायला गेलो की ती चहा केल्याशिवाय सोडायची नाही. एकदा मोठ्या कौतुकानं पातेलं दाखवून म्हणाली, "बने खउला के देथंव दीदी," चांगलं उकळून देते. नर्सबाईनं सांगितलं होतं तिला. भार्गव, उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं, म्हणजे घोटाघोटात वाढतंच. ती बिचारी जितकं मन लावून उकळत होती तितकं वाईट करत होती, आणि तिच्यासमोर बसून, सगळं माहीत असून, मी चहा प्यायले आणि उठून आले.

कंपनीला अहवाल पाठवला. उत्तर आलं, आमचे तज्ज्ञ पाहत आहेत. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. कुलसचिवांकडे गेले, त्यांनी करार दाखवला. मग तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "ताई, प्रक्रिया पाळ." प्रक्रिया! पोर पाणी पितंय आणि तू मला प्रक्रिया सांगतोस. तरीही मी आणखी थांबले, कारण मला वाटलं, एवढ्या मोठ्या जागेवर बसलेला माणूस, काही विचारानं बोलत असेल.

त्यानंतर आमची शिकायची पाळी आली आणि आम्ही पुण्याला आलो. तुझ्या त्या गार सभागृहात तू तुमच्या घरचा करार पडद्यावर दाखवलास. तुमच्याकडे कंपनीनं निकाल फक्त बघायचा, धंद्याचं गुपित असेल तेवढं झाकायला सांगायचं, बस. आणि लोकांच्या जिवाला धोका दिसला तर कुणालाही न विचारता त्याच दिवशी सांगायचं. घरात हे, आणि आम्हाला वाढलंस ते? आम्ही काय दुसऱ्या पंगतीचे? मी हे गिळते न गिळते तोच पुढचं चित्र आलं. सेमरभाठ्याची गुडी, मी काढलेला फोटो, आणि वर मोठ्या अक्षरात, 'आधी गावाला: आमच्या विद्यापीठाचा नवा उपक्रम'. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप उठले. आमच्याकडून शिकलास याचं दुःख नाही रे, शिकायलाच तर आला होतास. आमचं ते आमच्याच ताटातून काढून नेलंस, याचा संताप आहे.

तर आता का लिहितेय ते ऐक. पुण्याहून आल्यावर मी सेमरभाठ्याला गेले आणि गुडीत उभी राहून सगळा निकाल वाचला. कुणाची संमती घेतली नाही. सरलाची पोर ठीक आहे, आधी तिचे ओठच पाहिले. डॉक्टरांनाही दाखवलं, आणि आता वरच्या पाऱ्यातल्या, म्हणजे चढावरच्या वस्तीतल्या, हापशाचं पाणी आणतात. कंपनीनं तक्रार केली, माझी चौकशी लागली, आणि समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून तुझं नाव आलं. ते तू मान्यही केलंस, हे मला कुलसचिवांच्या टेबलावरच्या कागदातून कळलं. म्हणजे तू गुपचूप मला सांभाळून घेणार, नरम शब्दांत ताकीद देणार आणि तुझ्या मसुद्याबद्दल कुणी विचारणार नाही. चालणार नाही, भार्गव. मी कुलसचिवांना लिहून दिलंय की हा माझा सख्खा भाऊ आहे, याला समितीवर बसता येणार नाही. त्याच कागदावर माझा साक्षीदार म्हणूनही तुझंच नाव दिलंय. ये, तुमच्या घरचा करार आण, आमचाही समोर ठेव आणि आमच्यातली ती अट कुणी घातली, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांग. नोकरीवर काय येईल ते येवो, दोघांच्याही. आईला मी अजून काही बोलले नाही, ते तूच येऊन सांग. त्या दिवशी गुडीत कारखान्याला शिव्या देणारे पुष्कळ होते. सरला मात्र पोरीला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "दीदी, तुमन ये बात ला कब ले जानत हव?" कधीपासून माहीत होतं तुम्हाला? मी खरं ते सांगितलं, धानाची रोपणी झाली तेव्हापासून. ती पोरीला घेऊन घरी गेली. तेव्हापासून तिच्याकडे चहा झालेला नाही. मी तिला उत्तर देऊन आलेय, आता तुझी पाळी.

तुझीच,
दीदी