खुर्च्यांच्या दालनात एक स्टूल ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वस्तुसंग्रहालय कार्यालय

विषय : खुर्च्यांच्या दालनातील परिचर बाईंना बसण्यास स्टूल मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या दिवंगत पत्नीचा याच मागणीचा अर्ज व आपले नकाराचे पत्र.

महोदय,

माझी पत्नी आपल्याकडे जुन्या खुर्च्यांच्या दालनात परिचर होती. त्या खुर्च्यांवर कोणी बसू नये हे पाहणे तिचे काम. ते तिने दिवसभर उभे राहून केले. मी सुतार आहे. लिहिण्यात चूकभूल झाल्यास सांभाळून घ्यावे.

१. तिला एन्डोमेट्रिओसिस हा आजार होता. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, आतड्यांवरही वाढतो आणि आतले सगळे एकमेकांना चिकटते. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली तेव्हा आपण तिला स्टूल दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पुढे दाखल्यात 'शस्त्रक्रिया यशस्वी' असे वाचून ते काढून घेतलेत. दाखला खोटा नव्हता. दोन वर्षे ती खरोखर बरी होती, स्वयंपाक करताना गुणगुणायची. पण दुखणे परत येऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. ते आले.

२. दुसऱ्या वेळी गर्भाशय काढले. तरी दुखणे राहिलेच. तिने पुन्हा अर्ज केला. स्टूल ठेवल्यास बघायला येणाऱ्यांना तेही एक नमुना वाटेल, असे आपण कळवलेत. ती म्हणाली, "अहो, मग मलाच काचेत ठेवा म्हणावं, निदान आडवी तरी होईन." आणि हसली. हसण्यानेही दुखले, म्हणून थांबली.

३. चिकटलेले आतडे सोडवण्याच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन ती गेली. त्याचा दोष मी कोणालाच देत नाही. स्टुलाने ती वाचली नसती, एवढे मला कळते. पण तिचे शेवटचे वर्ष भिंतीला टेकून गेले. तिच्या पाठीच्या उंचीवर भिंतीचा रंग उडाला आहे. तेवढाच भाग रंगवून घेण्याचा आपला हुकूम निघाल्याचे समजले.

४. तिच्या जागी आलेल्या बाई भेटायला आल्या होत्या. निघताना दारात म्हणाल्या, "दादा, मलाही तेच आहे हो. आत्ता बोलले तर साहेब म्हणतील, या दालनात साथ आलीय की काय." त्यांना विचारूनच हे लिहीत आहे.

तरी स्टूल मी स्वतः केले आहे. नक्षी नाही, पॉलिश नाही. कोणी नमुना समजणार नाही. उंची माझ्या पत्नीच्या मापाची आहे, दुसरे माप मला ठाऊक नव्हते. नव्या बाईंचे पाय जमिनीला टेकत नसतील तर निरोप धाडावा. करवत घेऊन येईन.

आपला विनीत,
आपल्या माजी परिचर बाईंचा नवरा
(सही)
दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत : लाकडी स्टूल, एक. फाटकावरच्या रखवालदाराकडे ठेवले आहे.