एकतीस किलो

रविवार, दि. १४ जुलै २०२४

प्रिय रोशनदादा,

आईले आन् दुर्गावहिनीले पाया पडते म्हणून सांग. खुशीचे माझ्याकडून दोन पापे घे. मी बरी हाये. फोन असताना चिठ्ठी काऊन लिहून राहिली म्हणून हसशील. हस बापा. फोनवर तू "मजेत हाये" म्हणतोस आन् मंग माझं तोंडच उघडत नाई.

धानाचा रोवणा लागला ना? वहिनी सांगत होती, तू कमरेले पट्टा बांधून धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतोस आन् पऱ्ह्याच्या पेंढ्या ती एकटीच वाहून राहिली. खुशी "बाबा, घे" म्हणून हात वर करते, तवा तू मान खाली घालतोस. हे आयकलं तवापासून मले जेवण गोड लागत नाई.

इथं विमानतळावर तेच चालू हाये. काउंटरवर दिवसभर बॅगा ओढून मनगट सुजते. खोलीतली नीतू बाम लावून देते आन् वरून रागावते, "अरे पागल, दोनों हाथ से खींच ना!" तुझ्या जागी देवरीकडचाच ओमेश नावाचा पोरगा लोडर म्हणून आला. त्याले मी पहिल्याच दिवशी बजावलं, टॅग असो का नसो, बॅग अगोदर हलवून पाय, मंगच उचल.

तुले कोणी बजावलं नाई. उलट तूच मले शिकवलं होतं. साहेबाच्या मागे लागून ही नोकरी तूच लावून दिली, "माझी बहीण बारावी झाली हाये, हिंदी फाडफाड बोलते" म्हणून. आन् पहिल्या दिवशी म्हणालास, "दिव्या, बॅग तेवीस किलोच्या वर गेली का लाल टॅग बांधत जा. आमी मागे वजन पायत नाई, टॅग पायतो. लाल दिसला का दोघं धरतो, नाई तं एकट्यानं झटक्यात उचलतो."

आता सांगतेच. होळीच्या आधी, त्या दिवशी, काउंटरवर एक म्हातारी आली. तोंड उघडलं तं अस्सल आपल्याकडची बोली. माझा जीवच हालला. "बाई, पोराकडे पहिल्यांदा चालली. घरचे तांदूळ हायेत, काढाले नको लावू." बॅगेले हिरवी दोरी बांधून होती. काट्यावर एकतीस आले. लाल टॅग बांधला असता तं तिले जास्तीचे पैसे भरा लागले असते, नाई तं तांदूळ तिथंच सोडा लागले असते. मी कंप्युटरवर वजन तेवीस टाकलं. टॅग हातात घेतला होता दादा, परत खणात ठेवून देला. मले वाटलं, आठ किलोनं का होते!

अर्ध्या घंट्यात मागून ओरडा आला, "लोडर गिर गया!" मी धावत गेली. तू पालथा पडून होतास. बाजूले हिरव्या दोरीची बॅग.

चौकशीत साहेबलोकायनं लिवलं, उचलण्याची पद्धत चुकीची. तू सही केली. दवाखान्यात मले म्हणालास, "दहा वर्षं उचलून राहिलो, माझंच लक्ष नसंल." तुझ्या उशाशी बसून मी मान हालवली. हो म्हणून मान हालवली मी! असली बहीण कोणाले भेटू नये.

काल साहेबाले सगळं लिहून देलं, सही करून. उद्या बोलावलं हाये. नोकरी जाईल, जाऊ दे. तुझ्या कागदावरची ती ओळ खोडतात का नाई, माहीत नाई. पण आईले सांग, वहिनीले सांग, तुझं उचलणं चुकलं नव्हतं. खुशी मोठी झाली का तिलेही सांग.

तू बोलावशील तवाच गावात पाय ठेवीन. बोलावलंस तं रोवण्याच्या साऱ्या पेंढ्या मी वाहीन.

सोबत एक लाल टॅग ठेवला हाये. त्याच्यावर पेनानं एकतीस लिवलं हाये. त्या दिवशी लिवाले पायजे होतं.

म्हणू देशील तं अजूनही तुझीच बहीण,
दिव्या