बाबा आज जेवले

वच्छलाताई,

तू पोहोचशील तेव्हा मी आलापल्लीच्या वाटेवर असेन. सागाची कटाई सुरू झाल्याने रजा मिळाली नाही, संध्याकाळी परतेन. बाबा आत निजले आहेत. दाराला बाहेरून कडी घातली आहे, ती हळूच काढ. त्यांनी ओळखले नाही, तर तुझे नाव पुन्हा पुन्हा सांगू नकोस, ते घाबरतात. त्यांच्या डोळ्यांतून मी केव्हा मावळलो, ते मलाही कळले नाही.

तोंडाने सांगण्याचे धैर्य नाही, म्हणून लिहितो. तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नव्हता. आज सकाळी मी नोकरीचा खाकी सदरा घालून ताट पुढे केले, तेव्हा त्यांना मी जंगलखात्याचा तो जुना नाकेदार वाटलो, ज्याने नांगरासाठी लाकूड तोडले म्हणून त्यांना तरुणपणी चाबकाने मारले होते. मी त्यांची भूल दूर करायला हवी होती. त्याऐवजी त्या नाकेदारासारखाच दरडावलो, "चूपचाप जेव!"

बाबांनी हात जोडले. "जेवतो साहेब. मले न्या, पन माह्या वारलूले काही करू नका. लहान हाये तो."

आणि ताई, ते जेवले. डोळे गळत होते, तरी ताटात एक शीतही उरले नाही.

तू उद्या परतणार आहेस, हे ठाऊक आहे. तरी चार दिवस राहा. त्या आवाजाने बाबा जेवतात, हे मला आता कळले आहे. उद्या ते जेवले नाहीत, तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही.

तुझा,
वारलू