घरच्यांचं रक्त

टिळकवाडी, बेळगाव
ता. ९ फेब्रुवारी १९८४

चि. गोपाळ यास,

आक्काचे आशीर्वाद. इकडे सगळे आहोत तसे आहोत. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण तेच तू मला विचारून पाठवलं आहेस.

तुझ्या लॅबमधला शामू परवा निपाणीच्या गाडीने सुखरूप पोचला. तुझ्या रक्ताच्या काचपट्ट्या त्याने देवाचे टाक आणावेत तशा मांडीवर धरून आणल्या. तू सांगितल्याप्रमाणे मी त्या इथल्या लॅबमध्ये दिल्या आणि नाव देवाप्पा असं लिहिलं. निपाणीत भररस्त्यावर स्वतःच्या नावाची पाटी, भिंतीवर चौकटीत पदवी, आणि स्वतःचं रक्त मात्र परक्याच्या नावाने बेळगावला! तुझ्या लॅबवर तुझा किती विश्वास आहे, ते मला कळलं. पण निपाणीकरांना ते कशाला कळवू?

इथले लॅबवाले जरा चक्रमच आहेत. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं रक्त रोज सकाळी मशीनवर लावून बघतात. आकडा चुकला तर मशीन ताळ्यावर येईपर्यंत पेशंटच्या बाटलीला हात लावत नाहीत. अशाने धंदा कसा चालायचा? तुझं बरं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर टायफॉइड लिहिला की तुझ्याकडे टायफॉइड निघतो, कावीळ लिहिली की कावीळ. डॉक्टरांचा मान राहतो, मशीनही झिजत नाही.

तुझे दाजी आता खाटेवरच असतात. काल बोहारीण आली होती. जुन्या कपड्यांबरोबर त्यांची उजवी चप्पल दिली, तर घेईना. म्हणाली, जोडी कुठाय? मी म्हटलं, पाय तरी जोडीने कुठे राहिलेत?

त्यांची साखर तू इतकी वर्षं तपासत होतास. दर वेळी एकशे दोन. पाऊस कमीजास्त व्हायचा, तंबाखूचा भाव खालीवर व्हायचा, दाजींची साखर जागची हलायची नाही. त्या भरवशावर ते कुंद्यासारखं गोड खात राहिले. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना तेव्हाही तू पुन्हा रक्त नेलंस आणि पुन्हा एकशे दोनच लिहिलंस.

शामूला जेवायला वाढताना सहज विचारलं, दाजींचं रक्त तपासायचं कोण? त्याने भाकरी खाली ठेवली.

"तपासलंच न्हाय, आक्का. सायबांचा नेमच हाय तसा. घरच्यांचं रक्त वतून टाकायचं आन् चांगला आकडा ल्ह्यायचा. उगंच जिवाला घोर नको म्हणत्यात. लई मायाळू हैत."

मी त्याला आणखी आमटी वाढली. त्याचा काय दोष? तो तुझं कौतुकच करत होता.

असो. तुझा रिपोर्ट काल मिळाला. तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात, आणि काय ते वेळेवर कळलं तर मुंबईला उपचार होतो, हे तूच लिहिलं होतंस. मी कागद दाजींना वाचून दाखवला. ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "नीला, आजच्या आज कळव त्याला. लहान पोरं आहेत त्याची."

त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. माझाही आहे.

तर कळवते. सगळं नॉर्मल आहे.

कागद सोबत जोडलेला नाही. काल खूप बघितला, आता तो माझ्यापाशीच राहू दे. शंका वाटलीच तर दुसरीकडे कशाला हिंडतोस? तुझ्याच लॅबमध्ये तपासून घे. आणि जिवाला उगीच घोर लावून घेऊ नकोस. तू काही परका नाहीस, घरचाच आहेस.

तुझ्याइतकीच मायाळू,
आक्का