सुतारांचं कॉलेज

शुक्र. ७ नोव्हें. २०१४, अल खौद, मस्कत
मंडळ माझ्या घरी जमलं. आम्ही आठ सुतार, सगळे रत्नागिरीकडचे. नव्या माणसाने लाकडाचा सांधा करून दाखवायचा, मगच आत. कोणी इथं वारला तर एकाने देहासोबत गावापर्यंत जायचं. बाहेर बोलायचं नाही, हा नियम माझा. परक्या मुलखात नको त्या चौकश्या.

पोरगी ईशा वही घेऊन मध्येच. नववीचा प्रोजेक्ट, युरोपातले कारागिरांचे गिल्ड. "पप्पा, त्याच्या आधी रोममध्ये कार्पेंटर लोकांचं कॉलेज होतं. कोणी डेड झालं तर त्याला बरी करायचे. किंगला डाऊट यायचा."
मंडळातला अनंता म्हणे, "मेल्यावर बरा करायचे? मग तिकडेच जाऊ की." तिचं 'बरी' इंग्रजीतलं, पुरायचे म्हणजे. शब्द कॉलेजियम. मंडळच ते.

रवि. ९
अर्बाबने, म्हणजे मालकाने बोलावलं. "फ्रायडे को तुम्हारे घर में क्या? युनियन?" चहापाणी म्हणालो. सांध्याच्या परीक्षेचंही त्याला ठाऊक! आतल्याशिवाय कोण सांगणार?

सोम. १०
अनंताच. काल अर्बाबच्या गाडीतून उतरला. आज मला बघून फोन ठेवला. एका गावचे, एकाच रंध्यावर शिकलो, तरी...

बुध. १२
अनंताला तोंडावर विचारलं. "सदा, तू मला विचारतोस?" डबा अर्धा टाकून उठला. खरा असता तर भांडला असता.

गुरु. १३
ईशाला म्हटलं, गिल्ड रोमहूनच आले असं ठोकून लिही, सगळं जुळतंय.
"नाही पप्पा. मध्ये खूप इयर्स काहीच सापडत नाही. सेम दिसतं म्हणून तिथूनच आलं असं नाही लिहायचं. मिसला प्रूफ पाहिजे."
मग चार्ट दाखवला. वर माझा फोटो, खाली 'माय फादर्स गिल्ड'. कुणाबरोबर केलास?
"रियाबरोबर. शनिवारी, तिच्या घरी. तिच्या पप्पांनी सगळं विचारलं, मी सांगितलं."
रियाचे पप्पा म्हणजे आमच्या अर्बाबचे मॅनेजर.

शुक्र. १४
अनंता सोडून सगळे आलेत. म्हणतात, बातमी फोडणाऱ्याला काढायचं, नाव सांग. मनात सगळ्यांच्या अनंताच. मी नुसता गप्प बसलो तरी त्यालाच काढतील. लाज वाटते. आणि पोरीचं नाव घेतलं तर तिच्याकडे बघतील कसे?
अनंताला दोनदा फोन लावला, उचलत नाही. ईशा बाहेर त्यांना चहा देतेय. मी आतल्या खोलीत हे लिहितोय, आणि ते हाका मारतायत.