म्हशीत नापास, गाईत पास

तीर्थरूप अंबूमावशींच्या सेवेशी,

तेजस्वीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर समजावा. टाके अजून ओले आहेत, वाकता येत नाही.) आपला गुडघा, आपली शुगर आणि कळंब्याची हवा ठीक असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व जण खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. या जमान्यात पत्र कसं आलं म्हणून आपण चष्मा पुसाल. पण तुमच्याकडे फोन आधी तुमचा नातू उचलतो, आमच्याकडे आत्ती उचलतात (म्हणजे तुमच्या धाकट्या भगिनी, माझ्या सासूबाई), आणि दोघांचं बोलून संपेपर्यंत माझी मुलगी रडायला लागलेली असते. आईच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यामुळे माझं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते कसं चाललंय हे मात्र ठाऊक नसावं.

सुरुवात दवाखान्यापासून करते. मुलगी कुशीत ठेवल्या ठेवल्या सबिना सिस्टर म्हणाल्या की लगेच पाजायला घ्या, पहिला चीक बाळाला मिळालाच पाहिजे. त्यांची पाठ फिरायचा अवकाश, आत्तींनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला. चीक बाळाला पचत नाही, तो पिळून टाकायचा असतो, असं जुनी जाणती माणसं सांगतात म्हणे. जाणती माणसं कोण, हे विचारायची सोय नव्हती. मी शुद्धीत होते, पण भांडायच्या ताकदीत नव्हते. तेव्हा माझा चीक बोळ्यात गेला, बोळा बादलीत गेला आणि लेकीच्या तोंडात गुळाचं पाणी गेलं. आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात आमची चांदणी म्हैस व्याली. तिच्या चिकाचा थेंब तरी कुणी सांडू दिला असेल तर शपथ. गूळ घातला, वेलदोडा घातला, खरवस केला आणि झाकण ठेवून अख्ख्या गल्लीत वाटला. तोच खरवस चमच्याने खात खात बायका माझ्या खाटेशी बसून चीक बाळाला कसा बाधतो ते मला समजावून सांगत होत्या. (मला खरवस दिला नाही. बाळंतिणीला जड पडतो.)

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांबद्दल किती लिहू? पूर्वी माणसं विचारायची, बरी हायस का? आता दारातूनच विचारतात, दूध येतंय का? नळाला पाणी आलं का विचारावं तसं. येतंय म्हटलं तर भुवया वर जातात, नाही म्हटलं तर पदर सरसावून खाटेवर बसतात. एक म्हणते शेपू खा, दुसरी म्हणते शेपू वर्ज्य. एकीने मेथीचे लाडू आणले, दुसरीने ते उष्ण म्हणून स्वतःच खाऊन संपवले. एक बाई तर माझ्याकडे बघून हळहळली की अंगानं एवढी बारीक, हिला कुठनं येणार? आणि या सगळ्यांसमोर मी चादरीखाली लेकीला घेऊन, घामाघूम होऊन, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं माझ्याच खाटेवर कोपऱ्यात बसायचं.

पाण्याचं तर विचारूच नका. बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, हाही जाणत्या माणसांचाच शोध. त्यामुळे मला वाटीभर कोमट पाणी, तेही ओवा घालून. चांदणीला मात्र बादल्यांनी. तिला सरकी पेंड, तिला भुसा, तिला कोवळी वैरण, तिच्या अंगावर गोणपाट. ओली बाळंतीण आहे म्हणून तिच्याशी कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. मी एकदा आत्तींना म्हटलं, की म्हशीला एवढं पाणी आणि मला एवढंसं, तिचं पोट सुटत नाही का? तर त्या म्हणाल्या की माझ्या जिभेला हाड नाही. आमचे हे (तुमचा भाचा सम्राट, नाव तेवढं सम्राट, घरात प्रजेइतकाही अधिकार नाही) रोज मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी बाईचे व्हिडिओ बघतात आणि मी कसं बसावं, उशी कुठे ठेवावी ते मला शिकवतात. तिला पोटभर पाणी देत जा एवढं एक वाक्य आत्तींना सांगा म्हटलं, तर त्यांना लगेच ऑफिसचं काम आठवतं.

मग एके दिवशी लेक फार रडली. खोलीत बायका खच्चून भरलेल्या. आत्तींनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही पान्हा चोरती."

मावशी, मला रडू आलं. आम्हा गोठ्यावाल्यांच्या घरात हा शब्द कशासाठी वापरतात ते तुम्हाला सांगायला नको. लबाड म्हैस रेडकासाठी दूध वर ओढून धरते, धारेला देत नाही, तिला म्हणतात पान्हा चोरते. इथे धार काढणारं आणि रेडकू एकच, मग मी चोरून ठेवू कुणासाठी? आणि दूध येत होतं हो. एकटी असले की पदर भिजायचा. दाराची कडी वाजली की थांबायचं.

त्यावर आमच्या मामांनी (माझे सासरे कृष्णातराव, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी) मदत करायची ठरवली. मामा वाईट नाहीत. त्यांचा एकाच देवावर विश्वास आहे आणि तो देव संस्थेच्या टेबलावर प्लगला लावलेला असतो. दूध पातळ आहे का दाट, हे बघायला आत्तींनी माझ्याकडून वाटीत थोडं काढून घेतलं होतं. ते उजेडाला धरून झालं, बोटाला लावून झालं. मामा म्हणाले की असं अंदाजपंचे नको, आणि वाटी सॅम्पलच्या बाटलीत ओतून संस्थेत घेऊन गेले. फॅट मोजायच्या त्या मशीनवर बटणं दोनच, म्हैस आणि गाय. सुनेचं बटण नाही. मामांनी आधी सवयीने म्हशीचं दाबलं, ते नापास आलं. मग गाईचं दाबलं, ते पास झालं. मामा इतके खूश होऊन आले की पायातल्या चपला न काढता पाहुण्यांसमोरच म्हणाले, "काळजी करू नगा, गाईत बसतंय." (मशीनमधून निघालेली फॅटची चिठ्ठीही त्यांनी जपून आणली होती. दर किती पडला असता हे विचारायचा मोह मी आवरला.) पण आत्तींनी त्यातलं म्हशीत नापास एवढंच ऐकलं. संध्याकाळच्या आत दुधाच्या पावडरचा डबा घरात आला. तो आता फडताळात हळदी-कुंकवाचं बोट लावून ठेवलाय. गुरुवारी बारसं आहे, मुहूर्त चांगला आहे, तेव्हा त्याच दिवशी नाव ठेवायचं आणि डबा फोडायचा असं ठरलंय. माझं दूध माझ्या लेकीला पुरतंय का, हे माझ्या लेकीला सोडून सगळ्यांना विचारून झालंय. ज्या बाईला खरंच येत नाही तिने डबा जरूर द्यावा, पण मला येतंय, मावशी. मला तिला पाजायचंय.

आता गोठ्याचं सांगते आणि थांबते. परवा संध्याकाळी भेटायला आलेले एक गृहस्थ, बायको माझ्या खोलीत शेपूवर बोलत असताना, पाय मोकळे करायला गोठ्याकडे गेले. मामा धार काढत होते. खिडकीतून मला त्यांचा आवाज आला. "भाईरच थांबा पावणं. धारंच्या टायमाला परकं मानूस आत न्हाय चालत. म्हस बुजती, पान्हा सोडत न्हाय." ते गृहस्थ खालमानेने परत आले. मी उठले, लेक उचलली, शेपू तसाच सोडला आणि मागच्या दाराने गोठ्यात जाऊन उभी राहिले. मामांनी वर बघितलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते सांगता येणार नाही. मग पेंडेच्या पोत्याकडे मान हलवून म्हणाले, "बस की," आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा धारेला लागले. अंधुक उजेड, शेणाचा वास, चरवीत धारेचा आवाज आणि एकही सल्ला नाही. लेक अशी प्यायली की तिच्या घोटांचा आवाज मला ऐकू येत होता. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारांना मी गोठ्यात असते. आत्तींना सांगितलंय की लेकीला ऊन दाखवायला मागे नेते. (संध्याकाळी कसलं ऊन, हे अजून कोणी विचारलेलं नाही.) पण लेक काही दिवसातून दोनदाच भुकेजत नाही, बाकी सगळा दिवस खोलीत जत्राच असते आणि गुरुवार जवळ येतोय.

असो. प्रकृतीला जपावे. घरातल्या सर्व थोरामोठ्यांना नमस्कार, नातवाला फोन कमी हाताळायला सांगावे.

आपली आज्ञाधारक सून,
तेजस्वी

ता. क. मुख्य काम राहिलंच. आत्ती साऱ्या गावात कुणाला भीत नाहीत, पण तुमचं नाव निघालं की पदर सावरतात. तेव्हा तब्येतीचं काही तरी निमित्त काढून (गुडघा आहेच) त्यांना महिनाभर कळंब्याला बोलावून घ्यावं. बुधवारच्या आत निघाल्या तर फार उपकार होतील.

ता. क. चा ता. क. वरचा ताजा कलम रद्द समजावा. पत्र पाकिटात घालायच्या आधीच, आज संध्याकाळी, आत्ती ऊन शोधत गोठ्यात आल्या. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. हळूच उघडले. बघितलं तर त्या दारात उभ्या राहून लेकीचे घोट ऐकत होत्या. मग माझ्या शेजारी पोत्यावर बसल्या. मामा चरवी उचलून बाहेर गेले. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या दोनी पोरांस्नी डबाच पाजला मी. चीक टाकाय लावला, पाणी तोडलं, वर म्हणली तुझं पातळ हाय. इतकी वर्सं मला वाटतंय, माझ्यातच खोट हाय." कोण म्हणली, असं मी विचारलं. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "थोरली."

धाकट्या बहिणीला थोरली किती असतात, मावशी?

तेव्हा आत्तींना न्यायचं नाही. त्या खोलीच्या दाराशी पाट टाकून बसल्यात. दिवेलागणीपासून तीन घरच्या बायका त्यांनी ओसरीवरूनच परत पाठवल्या, आणि माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलाय. डबा मामा चांदणीच्या रेडकाला घालू म्हणतात. बारशाला आपण अवश्य यावं, पाळण्याची दोरी आधी आपणच ओढावी, घुगऱ्या पोटभर खाव्यात. खोलीकडे मात्र येऊ नये. हे पत्र मी फाडून टाकणार होते, कारण त्यात आत्तींबद्दल नाही नाही ते लिहिलंय. आत्तींनी ते माझ्या हातून घेतलं, दिव्याखाली बसून सगळं वाचलं, आणि घडी घालून परत देत म्हणाल्या, "फाडू नगंस. थोरलीला तोंडावर बोलायचं ह्या जल्मात माझ्यानं झालं न्हाय. हाय असं धाड."